ड्राय वेल रोडची फांदी

— नाही नाही, उठू नकोस, बस तू. जागा भरपूर आहे. मी काही एवढी जाडी नाहीये, ही फांदीच जरा आडवीतिडवी आहे. हिला मधे ठेवते, म्हणजे तुझा सॉसेज रोल तिकडे आणि मी इकडे. शिंका येतायत का? येणारच. वॉटलच्या या पिवळ्या फुलांनी सगळ्यांनाच येतात, लाजू नकोस, सप्टेंबरात, ऐन वसंतात, या गावात जो शिंकत नाही तो एक तर मेलेला असतो नाही तर पर्थहून आलेला — आणि पर्थवालाही दुपारपर्यंत शिंकायला लागतो. तू तिकडचाच ना? वाटलंच. स्वेटर शहरातला आहे. बुटांवर मात्र आमची तांबडी खडी दिसतेय, म्हणजे रस्त्यारस्त्यानं भटकतोयस कुठेतरी. असू दे, मला काय करायचंय. बेकरीसमोरचा बाक सोडून हॉस्पिटलच्या दारात कसा आलास जेवायला? — हां, मॅगपाय, ती काळीपांढरी पक्षीण. पिल्लं झाली की ती कुणाचं टाळकं सोडत नाही. मागच्या वर्षी पाद्रीबाबांची टोपी उचलून नेली, आणि ते बिचारे तिला चांगल्या शब्दांत समजावत होते. तू बरं केलंस इकडे आलास. इथे ऊनही चांगलं येतं थोड्या वेळानं.

ही? ही आत न्यायलाच आणलीय. नवऱ्यासाठी. आहे ना आत तो, कडेच्या खोलीत. — मग नेत का नाही? बरोबर विचारलंस. मारिसेलनंही तेच विचारलं, ती आतली नर्स, फिलिपिन्सची पोरगी आहे, फार गुणाची. मघाशी बाहेर येऊन गेली. तिला म्हटलं, जरा दम खाते गं, पाय दुखतात. माझे पाय काही दुखत नाहीत. मी पहिल्यांदा म्हटलं दार जड आहे — त्या जाळीच्या दाराला स्प्रिंग आहे बघ, सोडलं की पाठीत बसतं, आणि माझ्या हातात ही फांदी. मग म्हटलं, आत जेवणं चाललीत, कशाला शिंकायला लावायचं सगळ्यांना सुपात. मग पाय. आता चौथं कारण शोधतेय, तोवर तू आलास. तुझ्याशी बोलतेय हे चांगलं कारण आहे. माणूस एकटा जेवत होता, सोबत केली.

हसू नकोस हं, सांगते. वॉटल घरात न्यायची नसते. — बघ, हसलास. हस, मीही हसते. तुमच्याकडे नाही असलं काही? माझी आई शिकलेली बाई, पोस्टात नोकरी केलेली, रेडिओवर बातम्या ऐकणारी, पण वॉटलचा एक गोंडा उंबऱ्याच्या आत आला की तिला घाम फुटायचा. घरातलं कोणीतरी जातं म्हणायची. आणि पुराव्यासकट म्हणायची. पर्सीमामा गेला तेव्हा टेबलावर जॅमच्या डब्यात वॉटल होती. आता, पर्सीमामा छपरावर चढला होता, पोटात बिअर होती आणि शिडीला वाळवी लागलेली होती. पण आईनं शिडीला बोल लावला नाही, बिअरलाही नाही, सरळ वॉटलला लावला. मग शेजारच्या हॅनफर्डबाई. त्यांनी तर वॉटल घरात आणलीच नव्हती — पण अंगणात होती, आणि खिडकी उघडी होती. आईचं असं होतं, एकदा एखाद्यावर संशय घेतला की ती खिडकीतूनसुद्धा आत आणायची त्याला. मी तेव्हापासून ठरवलं, हा सगळा खुळेपणा आहे, मी हे असलं मानायचं नाही. आणि नाहीच मानत. फक्त पाळते. मानणं आणि पाळणं यात फरक आहे की नाही? आहे. मानणाऱ्याला निदान कारण असतं. पाळणारा नुसता गाढव असतो.

आणि बघ, लग्न कुणाशी केलं तर क्लॅरीशी. क्लॅरी कौन्सिलच्या ग्रेडरवर होता — ते लांब मानेचं पिवळं धूड नाही का, पोटाखाली पातं असलेलं, कच्चे रस्ते खरवडत जातं. सगळा जन्म त्यावर काढला त्यानं. म्हणजे सगळा जन्म रस्त्याच्या कडेला. आणि आमच्याकडे वॉटल असते कुठे? रस्त्याच्या कडेलाच. आजोबा-पणजोबांनी डोळ्याला दिसेल तेवढं रान तोडून गहू लावला, राहिली ती फक्त कड, कारण रस्त्यात गहू लावता येत नाही. येत असता तर तोही लावला असता आम्ही, आणि मग तक्रार केली असती की गव्हापर्यंत जायला रस्ता नाही. तर वसंत आला की हा गडी संध्याकाळी घरी यायचा तो नखशिखांत पिवळा. टोपीत डहाळी, खिशात गोंडे, भुवयांत पिवळी भुकटी. मी दारातच अडवायची. टोपी व्हरांड्याच्या खिळ्याला — तो खिळा मी ठोकलेला, खास वॉटलच्या टोपीसाठी — आणि मग मी ब्रश घेऊन त्याच्या भुवया झाडायची. कसला ब्रश? केकवर दूध लावायचा. दुसरा मऊ ब्रश नव्हता घरात. गावातल्या बायका संध्याकाळी नवऱ्याची वाट बघत दारात उभ्या राहायच्या म्हणे, मी ब्रश घेऊन उभी. तो डोळे मिटून उभा राहायचा निमूट, आणि म्हणायचा, नोलीन, अंड्याचा हातही फिरव वरून, म्हणजे छान तांबूस भाजून निघेन. दर वर्षी तेच बोलायचा. दर वर्षी मी म्हणायची, नवीन काहीतरी बोल.

शाळेत शिकवायचे आम्हाला, वॉटल म्हणजे बाभळीच्या कुळातली, पण आमच्या इकडच्या बहुतेकींना काटे नाहीत. क्लॅरी म्हणायचा, काटे होते, ते लग्नात नोलीनच्या जिभेला दिले. म्हणू दे. त्याची आवडती वॉटल कुठली माहितेय? ड्राय वेल रोडची. छातीइतकं झुडूप, दिसायला अगदी सामान्य, पानं अशी ताठ, बारीक, खराट्यासारखी, वर्षभर कुणी ढुंकून बघणार नाही. आणि मग एका आठवड्यात असं काही फुलतं की बाजूचं पिवळंधमक कॅनोलाचं शेत फिकं दिसतं. एकदा खात्याची माणसं आली — झाडंझुडपं सांभाळणारं ते सरकारी खातं — गुडघ्यांवर बसून भिंगांनी बघून गेली, आणि मग पत्ता लागला की ही जात जगात दुसरीकडे कुठेच नाहीये. फक्त आमच्या ड्राय वेल रोडच्या कडेला, तीही एका तुकड्यात. झालं. पिवळे खुंट ठोकले दोन्ही टोकांना. या खुंटांच्या मधे पातं लावायचं नाही, गाडी थांबवायची नाही, पान तोडायचं नाही. आणि खुंट ठोकायला मदत कुणी केली? क्लॅरीनं. त्या दिवशी घरी आला तो असा चालत होता की जसं काही राणीनं त्याला बोलावून घेतलं. मला म्हणाला, नोलीन, जगात कुठे नाही ती आपल्याकडे आहे. मी म्हटलं, मीही जगात कुठे नाहीये दुसरीकडे. तो म्हणाला, हो, पण तुला खुंट कोण ठोकणार.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नकोस. खुंट आले की पातं वर. वर म्हणजे एवढं वर की आभाळ खरवडेल. शिवाय इंजिन हळू करून जायचा — आवाजानं झुडपं दचकतात म्हणे. ट्रकवाले शिव्या द्यायचे, त्या तुकड्यात रस्ता असा उखणलेला की गव्हाच्या ट्रकातून उड्या मारत दाणे बाहेर. माझा वाढदिवस विसरायचा. ड्राय वेलचा पहिला गोंडा कधी फुटला ते बरोबर सांगायचा. लग्नाच्या वाढदिवसाला मला तिकडे घेऊन जायचा थर्मास घेऊन — खुंटांच्या बाहेर बसायचं, फुलांकडे बघायचं, बोलायचं नाही. मी झुडपावर जळले, मान्य करते. बाई बाईवर जळते, मी झुडपावर. महिला मंडळात मी सांगितलं तर सगळ्या हसल्या, फक्त डनस्टनबाई म्हणाल्या, निदान झुडूप फोन करत नाही. त्यांच्या नवऱ्याला फोन यायचे.

आणि मग ती झुडपं मरायला लागली. हो ना. खुंटांच्या मधली, एवढी जपलेली. एकामागून एक करडी पडली, वाळली. वॉटल काही शेदोनशे वर्षं जगणारं झाड नव्हे, म्हातारी होते चटकन. जुनी गेली, ठीक, पण खाली नवीन एकही येईना. खात्याची माणसं परत आली, डोकी खाजवून गेली. क्लॅरीचं तर जेवण उडालं. मी म्हटलं तू पाणी घालून बघ. घातलं, लपूनछपून, बादल्यांनी. काही नाही. आणि त्याच हंगामात — हे ऐकण्यासारखं आहे — खुंटांच्या अलीकडे, ग्रेडर चाललेला, आणि रस्त्यात मधोमध बॉबटेल. तो जाडा सरडा रे, आखूड शेपटीचा, वसंतात रस्त्यात येऊन ऊन खात बसतो आणि हलायचं नाव घेत नाही. क्लॅरीनं त्याला वाचवायला चाक वळवलं, पातं वर घ्यायचं राहिलं, आणि कडेची जमीन पाक उलटीपालटी. माती, खडी, मुळं, सगळं वर. बॉबटेल तसाच बसलेला. क्लॅरी घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, नोलीन, मी आता तुरुंगात जाणार. मी त्याची पिशवीही भरायला घेतली होती — खोटं नाही सांगत, गरम मोजे घातले होते त्यात.

पुढचा पावसाळा झाला आणि त्या खरवडलेल्या जागी काय उगवलं असेल? तीच. इवली इवली, दाट, हिरवी शेवाळासारखी. खात्याची एक मुलगी आली होती, ती म्हणाली, बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं, पण त्याची साल दगडासारखी. आग लागली, नाही तर जमीन अशी खरवडली गेली, तरच ते जागं होतं. म्हणजे क्लॅरीनं जिथे जपलं तिथे ती मेली आणि जिथे घाण करून ठेवली तिथे जन्मली. एवढा जन्मभर रस्ते खरवडणारा माणूस, जिथे खरवडायला पाहिजे तेवढीच जागा सोडून. मी पोट धरून हसले. तोही हसला आधी. मग रात्रीच्या जेवणाला बसला तेव्हा म्हणाला, जपून जपून मारली की गं आपण तिला. मी म्हटलं, आपण नाही, तू. मला त्यात घेऊ नकोस.

आता त्या नव्या झुडपांना फुलं येतात. नवीन खुंटही आलेत त्यांना. ही फांदी तिथलीच, आज सकाळी तोडली. छाटायची कात्री गाडीत सापडली नाही, ती क्लॅरी कुठे ठेवतो देव जाणे, मग बरोबर आलेली पावाची सुरीच घेतली. खुंटांच्या मधे शिरले, इकडेतिकडे बघितलं — कोण बघणार, एक कावळा होता — आणि करवतीसारखी घासली. या वयात चोरी. फांदीआधी माझंच बोट कापलं जायचं राहिलं. मग प्रश्न आला की न्यायची कशी. मागच्या उघड्या हौद्यात टाकली तर वाऱ्यानं सगळे गोंडे जातील. पुढे घेतली तर — गाडी म्हणजे घर धरायचं का? बराच वेळ उभी राहिले दार उघडून. मग ठरवलं, काचा खाली असल्या की गाडी म्हणजे व्हरांडाच. शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. हो, सीटबेल्ट. क्लॅरीला मी कधी पट्टा लावून दिला नव्हता एवढ्या प्रेमानं, त्याला नुसती ओरडायची. अशा आम्ही दोघी आलो, थंडीनं नाक गळतंय, काचा खाली — आलं बघ ऊन. म्हटलं होतं ना. काढ तो स्वेटर, काढ, उकडेल आता. खरं ऊन आमच्याकडे असंच एकदम —

हे काय आहे शर्टावर? नाही, ते. खिशाच्या वर. पान आणि गोल शिक्का. मी चष्मा घरी विसरले, पण तो खात्याचा शिक्का मला चष्म्याशिवायही ओळखता येतो, आमच्या फ्रिजवर अजून त्याचं एक पत्रक चिकटवलेलं आहे. हां. म्हणून तांबडी खडी बुटांना. ड्राय वेलवरूनच येताय ना तुम्ही? फुलं मोजायला. फुलायच्या दिवसांतच येता तुम्ही लोक, मला कळायला हवं होतं. — साहेब, मी काय म्हणते, ही ती नव्हेच. ही नर्सरीतली आहे. पूर्वेकडची कुठलीतरी, आमच्या परसात लावलेली. म्हाताऱ्या बाईचं काय ऐकता तुम्ही, मला काल काय जेवले ते आठवत नाही. सुरीबिरी काही नव्हती. कावळाही नव्हता. — हातात घेऊन बघताय? बघा. पानं बघून कळतंच म्हणा तुम्हाला. ठीक आहे. ती ड्राय वेलचीच. या गावात आजवर कुणी पान तोडलं नाही तिचं, मेंढरंसुद्धा वळसा घालून जातात, आणि चोर निघाली कोण, तर ज्यानं खुंट ठोकले त्याची बायको. आणि कुणी विचारलं नाही, पकडलं नाही, स्वतःच येऊन शेजारी बसली, जागा करून घेतली, आणि सविस्तर कबुलीजबाब दिला, सुरीच्या वर्णनासकट. क्लॅरी म्हणतो ते खरंय, मला गप्प बसायला शिकवणारा अजून जन्मायचाय.

घ्या, काय करायचं ते करा. पण एक सांगू का साहेब? तुमच्या खुंटांसारखे मीही ठोकले खुंट. त्याचं हृदय पहिल्यांदा कुरकुरलं तेव्हापासून. शिडी बंद. लोणी बंद. यूटची, आमच्या त्या हौद्याच्या गाडीची, किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. थंडी असली की बाहेर नाही, ऊन असलं की बाहेर नाही. व्हरांड्यात खुर्चीत बसायचा, तीही मी वाऱ्याच्या आडोशाला फिरवून ठेवायची, आणि मग तिथून रस्ता दिसायचा नाही त्याला, पाण्याची टाकी दिसायची. कुणी भेटायला आलं की सांगायचा, लांबून बघा, मी संरक्षित आहे, पान तोडाल तर दंड होईल. लोक हसायचे. मीही हसायची, आणि त्याच्या मांडीवरचं पांघरूण नीट करायची. तो करडा पडत गेला तरी मला दिसेना, साहेब. मी बादल्या घालत होते.

या हिवाळ्यात म्हणाला, नोलीन, ड्राय वेल फुलेपर्यंत आहे बघ मी. गमतीत म्हणाला. मी गमतीत घेतलं. आणि मनात गाठ मारून ठेवली — म्हणजे मी ती आईचीच मुलगी. काल दुपारी मी त्याच्यापाशी बसले होते, तर डोळे उघडून म्हणाला, आली का गं ड्राय वेल फुलावर? मी म्हटलं, नाही, अजून कुठे. अगदी सहज म्हटलं. आणि मी परवाच जाऊन बघून आले होते, पाक फुललेली. त्यानं माझ्या बाहीकडे बघितलं. लोकरीच्या विणीत अडकली होती ती पिवळी भुकटी. त्यानं बोटानं एक कण उचलला, डोळ्यांपाशी नेला, बघत राहिला. मग म्हणाला, यंदा उशीर झाला म्हणायचा. एवढंच. माझी लबाडी माझ्या हातात परत ठेवली आणि डोळे मिटून घेतले. खुदकन हसला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं मला.

आज सकाळी मारिसेलचा फोन आला. मी पावाला लोणी लावत होते — माझ्या पावाला, त्याचं बंद आहे, माझं नाही. ती म्हणाली, नोलीन, श्वास बदललाय, आता या, वाटेत थांबू नका. जॅनीनलाही तिनंच कळवलं, आमची मुलगी, ती निघालीय पर्थहून. मी म्हटलं, आलेच. तीच पावाची सुरी हातात होती, ती तशीच बरोबर आली. यूट काढली, आणि चौकात इकडे वळायचं, तर मी तिकडे वळले. ड्राय वेलकडे. नवऱ्याचा श्वास बदललाय, आणि बाई झुडपाशी सुरी घेऊन भांडतेय. आणि आता इथे आले, तर केव्हापासून बसलेय तुमच्याशी गप्पा छाटत. कारण माहितेय? तुम्हाला कळलंच असेल, तुम्ही मघापासून रोल खायचे थांबलात. ही आत गेली की झालं. म्हणजे मी आपणहून दार उघडून दिलं असं होईल. मला तो जायला नकोय. एवढंच आहे ते. बाकी पर्सीमामा आणि हॅनफर्डबाई आणि आईची बडबड, सगळं तेवढ्यासाठी. मला क्लॅरी हवाय, करडा पडलेला, टाकीकडे तोंड करून बसलेला, जसा असेल तसा.

आणि हे बघा, पर्समध्ये काय आणलंय. ब्रश. केकचा. फोन आल्यावर चष्मा विसरले, दात विसरता विसरता राहिले, आणि ब्रश तेवढा घेतला. कशाला घेतला कुणास ठाऊक. त्याला आत कुणी झाडणार होतं का.

— कुठे निघालास? रागावलास? अरे, दार कशाला उघडतोस, मी अजून ठरवलं नाहीये. स्प्रिंग लागेल, पाय लावून धर, हां, असा. वारा बघ कसा सरळ आत चाललाय. वास गेला. गेलाच आत, आता फांदी बाहेर ठेवून काय मिळणार. मारिसेल शिंकली ऐकलंस? तिलाही सोडलं नाही.

दे इकडे ती फांदी. हा ब्रश इथेच राहू दे बाकावर, आज काही झाडायचं नाही. आणि तो रोलही राहू दे, मॅगपाय खाईल. तू असं कर, माझ्या मागोमाग ये. कडेची खोली. आणि दारातूनच मला ओरड — खात्याचा माणूस म्हणून, शिक्का दिसू दे त्याला. म्हण, बाई, ड्राय वेलची फांदी कुणाला विचारून तोडलीत. मोठ्यानं ओरड, त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. नोलीन चोर निघाली म्हटल्यावर फार हसू येईल बघ त्याला. तू घाबरू नकोस, मी रडले तरी ओरडत राहा. चल. पण आत्ता चल हं, मागाहून नको येऊस.